काष्टीचा हात, खर्ड्याचा हात

आधीच सांगते, मी रस्त्यातला उतारा ओलांडून पुढे जाणारी बाई आहे. कुणी भुताखेताचा किस्सा रंगवायला लागलं की माझा प्रश्न ठरलेला — "किती जणांना दिसलं, आणि किती जणांना नाही दिसलं?" त्यामुळे नातेवाइकांत मी जरा नकोशीच आहे. या ग्रुपवरचे असले अनुभवही मी गंमत म्हणून वाचते. तरी आज लिहितेय... कारण हे भर सकाळी घडलं, माझ्यासमोर, आणि माझ्याच विषयात.

विषय मानसशास्त्र. नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) मी पीएचडी करत होते. प्रयोग साधा होता. खेड्यातल्या बायकांना त्यांच्याच घरी लॅपटॉपवर एकामागून एक चित्रं दाखवायची. ओळखीची वस्तू दिसली की बटण दाबायचं, नाहीतर सोडून द्यायचं. बटण दाबायला किती वेळ लागला ते कॉम्प्युटर टिपतो. चित्रांचा क्रम तो प्रत्येकीसाठी नव्याने पिसतो, पत्ते पिसतात तसा. एवढं मात्र लक्षात ठेवा.

मदतीला शबाना होती, एमएपासूनची माझी मैत्रीण. वेळ वाचावा म्हणून एके सकाळी आम्ही दोन दिशांना गेलो. मी श्रीगोंद्याकडे काष्टीला, ती पार जामखेडच्या पुढे खर्ड्याला. मी हिराबाईंची टेस्ट घेतली, तिने कमलबाईंची.

खरी डोकेदुखी पुढेच असते — आकडे ताडून बघायला संख्याशास्त्रातलं मॉडेल कोणतं निवडायचं? कुणाचा हात मुळात चपळ, कुणाचा संथ. सगळ्यांची सरसकट सरासरी काढून चालत नाही. म्हणून मी असं मॉडेल घेतलं, जे प्रत्येकीचा स्वतःचा वेग आधी बाजूला काढतं. भाकरीसारखं आहे हे. प्रत्येकीच्या भाकरीची जाडी वेगळी, पण एकीच्या सगळ्या भाकऱ्या साधारण सारख्या. ती जाडी वजा केली की थोडा फरक उरतो. त्याला काही वळण नसावं, आणि एकीच्या उरलेल्या फरकाचा दुसरीच्या फरकाशी संबंध नसावा, ही त्या मॉडेलची अट.

इथे दोघींचा संबंध निघाला. हिराबाई जितव्या चित्राला रेंगाळल्या तितव्याच चित्राला कमलबाई रेंगाळल्या, एकीने घाई केली तिथे दुसरीनेही केली... पहिल्या चित्रापासून शेवटपर्यंत. चित्रं मात्र दोघींना वेगवेगळ्या क्रमाने दिसलेली! मी मॉडेल बदलून पाहिलं. थकवा धरला, सराव धरला, वय धरलं. बाकी सगळ्या बायका गुमान अट पाळत होत्या. आलेखात या दोघींच्या रेघा काही एकमेकींपासून सुटेनात.

शबानाला बरोबर घेऊन मी आलेख माझ्या गाईड सरांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सरळ आहे. आकडे थोडे थोडे इकडेतिकडे करून तुझीच फाईल उतरवली आहे. ही मुलगी खर्ड्याला गेलीच नाही."

"सर, मी एसटीनं गेले होते. कमलबाईंकडे जेवले मी," शबाना म्हणाली.

"जेवणाचा डेटा असेल तर दाखव."

शबानाची तेव्हा एका कॉलेजात नोकरी ठरत आली होती. सरांचं शिफारसपत्र तेवढं बाकी होतं. सर म्हणाले, पत्र विसर, आणि कारण मी त्या कॉलेजला कळवणार. ती बाहेर आली आणि जिन्यातच खाली बसली. घरात पहिली शिकलेली मुलगी ती. मला सरांचा असा राग आला की आवाज चढला. म्हटलं, "पुन्हा टेस्ट घेऊ. तुम्ही स्वतः खर्ड्याला जा. बाई आहे की नाही ते तरी बघा!"

सर हट्टी, पण माणूस सरळ. ते गेले. काष्टीला मी आणि शबाना. दोन्हीकडे एकदम सुरू करायचं ठरलं. फोन चालू ठेवला, आमच्या बाजूचा आवाज मात्र बंद केला. सरांनी फक्त बोलायचं, आम्ही ऐकायचं.

हिराबाई पडवीत मांडी घालून बसल्या. "मागच्या टायमाला लई लवकर झालं हुतं," म्हणत त्यांनी सुरुवात केली. बटणाचा आवाज टक्... टक्... येत होता. सगळं सुरळीत चाललं असताना अंगणात वाळत घातलेल्या ज्वारीत शेळीने तोंड घातलं.

"हाड! हाड! मेली सुटली कशी?" हिराबाई उठून धावल्या.

तेवढ्यात फोनमधून सरांचा आवाज आला. "मंजिरी, इकडे बाई उठून उभ्या राहिल्यात. मी काही बोललेलो नाही, हे नोंदव."

शबानाने माझा दंड धरला. तिकडे सर विचारत होते, "काय झालं कमलबाई? का उठलात?" आणि लांबून बाईंचा आवाज, "काय म्हाईत सर. उठावं वाटलं."

हिराबाईंनी शेळी बांधली, पदराने हात पुसले, येऊन बसल्या. बटण दाबलं. फोनमधून सर म्हणाले, "बसल्या. केलं सुरू."

टेस्ट संपली तसा मी आमचा आवाज चालू केला. शेळीचं सांगितलं. मग सर म्हणाले, "शबानाला फोन दे." ते तिला काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. ती नुसती "हो सर... नाही सर..." म्हणत होती आणि डोळे पुसत होती. मलाही रडू आलं, आनंदाने. पत्र त्याच आठवड्यात मिळालं.

आम्ही नंतर सगळं तपासलं. दोघींचं नातं नाही, माहेरं वेगळ्या मुलखातली, एकमेकींचं नावही ठाऊक नाही. आजही आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय? दोघींना एका गटात धरणारं मॉडेल सगळ्यात चांगलं बसतं. पण गट करायचा तर त्याला कारण द्यावं लागतं, आणि तो रकाना सरांनाही भरता आला नाही. शेवटी प्रबंधात दोघींना धरून आणि दोघींना वगळून असे दोन्ही निकाल दिले, आणि लिहिलं — कारण अज्ञात. परीक्षकांनी विचारलं, मी तेच तोंडी सांगितलं. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, चेष्टा केलीत तरी चालेल.

शबाना आता त्या कॉलेजात शिकवते. गेल्या ईदला तिच्याकडे गेले होते. मी सहज म्हटलं, "किती बरं झालं ना, शेळी सुटली ते! नाहीतर तू कायमची चोर ठरली असतीस."

ती शीरखुर्म्याच्या वाट्या भरता भरता थांबली. म्हणाली, "तुला खरं सांगू? सर 'उभ्या राहिल्यात' म्हणाले ना, तेव्हापासून मला वाटतं, चोर ठरले असते तेच बरं होतं. चोरी निदान समजते तरी गं."