वाढदिवसाची पिशवी

आमच्या मिशिगनमधल्या गावात मोटारींचा कारखाना जोरात होता, तेव्हा विद्यापीठाच्या लोकांनी गरीब घरांतल्या मुलांसाठी बालवाडी काढली. लहानपणी शिकवलेलं मोठेपणी किती पुरतं, हे त्यांना पाहायचं होतं. म्हणून निम्मीच मुलं घेतली, तीही नाणं उडवून. उरलेल्यांच्या बुद्धीची वाढ नुसती मोजायची. स्वतःच्या पोरांसाठी त्यांनी असं नाणं उडवलं असतं का, देव जाणे.

मोजायचं काम व्हर्डेल प्रिचेटकडे होतं. दर वाढदिवसाला ती लाकडी ठोकळ्यांची पिशवी घेऊन त्या मुलाच्या घरी जायची. मुलाने ठोकळे रचायचे, तिने गुण लिहायचे. चुकलं तर दाखवायचं नाही आणि ठोकळे मागे ठेवायचे नाहीत. सरावाने मोजमाप बिघडतं. बालवाडीत न घेतलेल्या चार वर्षांच्या अर्लीथाला वाटलं, ही वाढदिवसाची भेटच आहे. ती पिशवी पोटाशी धरून बसली. व्हर्डेलला तिचं एकेक बोट सोडवावं लागलं. व्हर्डेलला मूलबाळ नव्हतं. "ती पिशवी तिथे ठेवून यावी म्हणून जीव तुटायचा गं," असं ती मला, तिच्या शेजारणीला, कितीदा तरी म्हणाली आहे.

अर्लीथा मोठी झाली, ठोकळ्यांच्या जागी प्रश्न आले. व्हर्डेलने पिशवी न्यायची मात्र सोडली नाही.

यंदा विद्यापीठाचा हा अभ्यास संपला. शेवटच्या मुलाखतीला निवृत्त व्हर्डेललाच पाठवलं, कारण पन्नाशीची अर्लीथा दुसऱ्या कुणाला दारात उभं करत नव्हती. व्हर्डेलला आता नीट दिसत नाही, म्हणून गाडी मी चालवली.

"आलात, मिस व्हर्डेल? मला वाटलं विसरलात," अर्लीथाने केक पुढे केला.

"म्हातारी झालेय, बावळट नाही."

शेवटचा प्रश्न होता : लहानपणी घराबाहेरच्या कुणी तुमच्याकडे लक्ष दिलं का?

"तुम्हीच की."

"मी काहीच शिकवलं नाही तुला."

"नाही शिकवलंत. पण यायचात."

व्हर्डेलने पिशवी तिच्यापुढे ठेवली. "घे. आता कुणी मोजणार नाही. तुझ्या नातीला खेळायला होतील."

अर्लीथाने ती पोटाशी धरली. मग उठून व्हर्डेलच्या मांडीवर परत ठेवली.

"राहू द्या. पिशवी तुमच्याकडे असायची, म्हणून तुम्ही परत येणार हे मला ठाऊक असायचं. ठेवून गेलात तर कशाला याल?"

 व्हर्डेल पिशवी घेऊन गाडीत बसली.

"पुढच्या वाढदिवसाला गाडी काढशील ना?" तिने मला विचारलं.