वेगळा टॉवेल

भिमाबाई सातपूरच्या कामगार वस्तीत बालवाडी चालवायची. १९९८च्या श्रावणात एका सकाळी परस झाडून आल्यावर तिचा उजवा डोळा टोचू लागला आणि दुपारपर्यंत दोन्ही डोळे लालबुंद झाले. मदतनीस शकुबाईने पाहिलं मात्र, पोरांना लागण होईल म्हणून तिला तिथूनच घरी पाठवलं.

त्या वर्षी गावभर डोळे आलेले, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. नवरा पुंजाराम पाळीवर जाणारा, मुलगी चैताली दहावीला. त्यांना त्रास नको म्हणून भिमाबाई आपणहून मागच्या खोलीत जाऊन राहिली. ताट वेगळं, तांब्या वेगळा, टॉवेलही वेगळा. तो बाकीच्या कपड्यांत मिसळू नये म्हणून चैताली तो परसात, शेजारच्या वत्सलाबाईंच्या शेवग्याखाली बांधलेल्या दोरीवर वाळत घाली.

उजेड सोसेना. खिडकीला गोधडी लावली. कारखान्याच्या भोंग्यावरून काय ती वेळ कळायची. औषधाचे थेंब घातले की तासभर बरं वाटे. तोंड धुऊन पुसलं की पुन्हा टोचणी. डोळा मिटला तरी टोचे, उघडला तरी टोचे. चार दिवसांचं दुखणं तीन आठवडे झाले तरी हटेना. बालवाडीत दुसरी बाई ठेवल्याचा निरोप आला. तू चोळतेस म्हणून बरे होत नाहीत, असं पुंजाराम चिडून म्हणाला. त्या दुपारी तिने चैतालीला ओढणीने आपले हात खाटेला बांधायला लावले. पोरीने रडत रडत गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी चैतालीनेच हट्ट धरून तिला रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वरची पापणी उलटी केली, यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "घराजवळ शेवगा आहे का?"

परसातला शेवगा, झाडलोट, टॉवेलची दोरी, सगळं ऐकून त्यांनी उलगडा केला. शेवग्यावरच्या सुरवंटांचे बारीक केस आधी परस झाडताना डोळ्यांत उडाले होते; नंतर ते टॉवेलवर पडत होते आणि तिथून पापणीखाली जात होते. पापणी हलली की ते बुबुळावर ओरखडत.

"म्हणजे माझ्यापासून कुणाला काही होणार नव्हतं?" भिमाबाईने विचारलं.

"नाही. कुणालाच नाही."

चैताली खाली मान घालून म्हणाली, "आई, टॉवेल मीच तिथं घालत होते."

भिमाबाईने चाचपडत तिचा हात धरला.

डॉक्टरांनी अकरा केस काढले. उजव्या डोळ्यातला एक फार आत शिरला होता. तो काढायला गेलं तर नजर जायची भीती, म्हणून राहू दिला. वत्सलाबाईंनी त्याच संध्याकाळी टेंभा पेटवून बुंध्यावरचे सुरवंट जाळले.

बालवाडीतली नवी बाई तोवर रुळली होती. भिमाबाईला चार महिन्यांनी पलीकडच्या वस्तीतली बालवाडी मिळाली. पण आतला केस काही तिला सोडेना. वर्षातून दोन-तीनदा उजवा डोळा लाल व्हायचा आणि पोरांच्या आया त्यांना दारातूनच माघारी न्यायच्या. शेवटी तिने डॉक्टरांकडून लिहून आणलं की हा डोळा संसर्गाचा नाही. घड्यांवर तो कागद फाटू लागला, तेव्हा तिने तो लॅमिनेट करून घेतला. २००६ सालीही तो तिच्या पिशवीत असे. नव्या पोराची आई दिसली की तिने काही विचारायच्या आधीच भिमाबाई तो तिच्यापुढे धरायची.