पट्टी सोडण्याचा समारंभ

खळीचा वास मला अजून सहन होत नाही. भिवंडीत राहून असं म्हणणं म्हणजे कोळणीने मासळीला नाक मुरडण्यासारखं आहे, पण इलाज नाही. लूमवर चढवण्याआधी सुताला पिठाची खळ देतात, म्हणजे धागा तुटत नाही. ते कोरं कापड न धुता ओलं झालं की खळ आंबते. कुठल्याशा कारखान्याच्या दारातून तो वास आला की मी पदर नाकाला लावते आणि मला माझी सासू आठवते, त्याच कापडाने डोळा बांधून शाळेच्या फरशीवर उताणी पडलेली.

लग्न होऊन मी भिवंडीबाहेर शेलारच्या अलीकडच्या गावात आले तेव्हा सासूचा डावा डोळा मोतीबिंदूने गेल्यातच जमा होता. उजव्यावरही साऱ्याचा पडदा धरत होता, पण त्या डोळ्याने ती सगळं घर चालवायची. खाडीची मासळी साफ करावी तर तिनेच. पोरासोरांच्या ताटातल्या बोयटाचे काटे ती अशी वेचून काढायची की आम्ही डोळे मिटून घास गिळावा. डॉक्टरकडे नेलं की एकच उत्तर मिळायचं, अजून पिकला नाही, पिकू द्या. तेव्हाची पद्धतच तशी होती. फणस पिकायची वाट बघावी तशी माणसं स्वतःचा डोळा पिकायची वाट बघत ओटीवर बसलेली असायची.

डोळा पिकला आणि गावात नेत्रशिबिर आलं. आलं म्हणजे आमच्या नवऱ्याने आणलं. तो तरुण मंडळाचा चिटणीस होता. अंगात चांगुलपणा होता, नाही म्हणत नाही, पण तो चांगुलपणा चारचौघांनी बघितल्याशिवाय त्याला झोप येत नसे. शाळेचे बाक बाहेर काढले, दोन वर्ग फिनेलने धुतले, कमान उभारली, ब्यांजोवाले सांगितले. एका लूमवाल्याने पट्ट्यांसाठी कोऱ्या कापडाचा तागा दिला. देताना तो बिचारा स्पष्ट बोलला होता, "अच्छेसे धोके, उबालके लेना हां. खळ हाय त्यात." मंडळाची पोरं हो हो म्हणाली आणि तागा तसाच फाडून मोकळी झाली. कमानीला खांब कोण पुरणार, यावर मात्र त्यांची दोन दिवस भांडणं चालली होती.

शनिवारी मुंबईहून डॉक्टर आले. दिवसभर एकामागून एक डोळे कापून संध्याकाळी परत गेले. जाताना त्यांनी व्हरांड्यात सगळ्यांसमोर सांगितलं की सकाळी प्रत्येकाची पट्टी सोडायची, डोळा पुसायचा, औषधाचे थेंब घालायचे आणि नवी पट्टी बांधायची. कुणाला फार दुखलं तर सकाळचीही वाट बघायची नाही, लगेच त्यांना फोन करायचा. त्यांनी एक मदतनीस मागे ठेवला. पेशंट फरशीवर ओळीने झोपवलेले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, आठवड्याभरात ही बाई पुन्हा माझ्या मासळीला नावं ठेवायला लागेल.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर एकाचीही पट्टी सोडलेली नव्हती. पट्ट्या समारंभात सुटणार होत्या. एक पुढारी येणार होते, त्यांच्या हस्ते. आमच्याकडे कुणीतरी शोधून काढलं होतं की आंधळ्याला दृष्टी आल्यावर पहिलं दर्शन मोठ्या माणसाचं घडावं. पहिली पट्टी माझ्या सासूची सोडायची, हेही ठरलेलं. चिटणिसाची आई ना ती. दुपारी ब्यांजोवाले आले, जेवले, झोपले. चार वाजता निरोप आला की साहेब अडकलेत, उद्या येतील.

सासू एव्हाना कण्हत होती.

"डोला ठनकतोय गो," ती म्हणाली. "आत कायतरी शिजतंय."

मी वाकून बघितलं. पट्टीखालचा गाल सुजून चकचकत होता. घामाने कापड भिजलं होतं आणि खळीचा आंबूस वास सुटला होता. त्या वासाच्या खाली आणखी एक वास होता. तो कसला हे मला कळलं.

मी मदतनिसाला गाठलं. तो ओट्यावर बसून मंडळाने आणलेलं कोंबडीचं हाड चोखत होता. "ताई, मी काय करू," तो म्हणाला. "कमिटीवाले बोलले, साहेब येईपर्यंत हात लावायचा नाही." आणि पुन्हा हाडाकडे वळला. मग नवऱ्याला गाठलं. तो खुर्च्या मोजत होता.

"अगं, डोळा कापलाय, दुखणारच," तो म्हणाला. "उद्या सुटेल ना पट्टी."

"आत्ता सोडा, बघा आणि परत बांधा."

"मग उद्या साहेब काय सोडणार? बांधलेलीच परत सोडायची, ते नाटक नाही का होणार?"

हे तो अगदी मनापासून बोलला. नाटकाचा त्याला तिटकारा होता. मी ओरडले, तर मंडळाच्या दोघांनी मला हाताला धरून शाळेबाहेर आणलं आणि फाटकाला आतून कडी घातली. फोनसाठी मी गावात फिरले. फोन एकाच घरात होता आणि त्या घरचा माणूस मंडळाचा अध्यक्ष होता. त्याने मला पाणी दिलं, फोन दिला नाही.

सोमवारी दुपारी साहेब आले. नारळ फुटला, हार झाले, शाल झाली. सासूला दोघांनी धरून व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवलं. तिची मान सारखी कलंडत होती, म्हणून नवऱ्याने मागे उभं राहून दोन्ही हातांनी तिचं डोकं सरळ धरलं. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा. साहेबांनी गाठीला हात घातला तशी ती ओरडली, नवरा कॅमेऱ्याकडे बघून हसला आणि फोटो निघाला.

पट्टी निघता निघेना. खळ वाळून ती कातडीला चिकटली होती. साहेबांनी ओढली, तसा आतला कापूस पापणीच्या केसांसकट उपटून आला आणि पिवळा पू तिच्या गालावरून साहेबांच्या अंगठ्यावर ओघळला. पट्टी सुटली की वाजवायचं, असं ब्यांजोवाल्यांना सांगून ठेवलेलं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. साहेबांनी अंगठा बघितला, इकडे तिकडे बघितलं आणि नुकत्याच मिळालेल्या शालीला पुसला. लोकांनी टाळ्याही वाजवल्या, कारण मागच्यांना काही दिसत नव्हतं. मी खूप घाण बघितली आहे. बाळंतपणं काढली, मढी धुतली, गटारात पडलेली गाय हाताने ओढून काढली. कशाची इतकी शिसारी मला आली नाही, जेवढी त्या शालीवरच्या अंगठ्याची आली.

त्याच संध्याकाळी तिला रिक्षात घालून मी भिवंडीत नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, काल आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. आता पू सगळीकडे पसरलाय, डोळा रिकामा केला नाही तर पू मेंदूकडे चढेल. डोळा रिकामा केला. महिन्याभराने त्या खाचेत बसवायला एक खोटा डोळा मिळाला. तो रोज काढून धुवावा लागे. पहिले काही दिवस मलाही उमळून यायचं, खोटं कशाला बोलू. मग सवय झाली. नवऱ्याला कधीच झाली नाही. मी डोळा धुवायला घेतला की तो ताटावरून उठायचा.

मंडळाच्या वार्षिक सभेत त्याने अहवाल वाचला. सर्व शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या, असं त्यात होतं. यशस्वी म्हणजे ऑपरेशन झालं, हार झाले, फोटो आला. पुढे कुणाला किती दिसलं हे विचारायला कुणी कुणाच्या घरी गेलं नाही. एका म्हाताऱ्याला शिबिराच्या डबड्यातला जाड भिंगाचा चष्मा दिला होता. त्याला जमीन फूटभर वर दिसायची आणि तो चालताना पाय उचलून उचलून टाकायचा. अहवालात तोही यशस्वीच.

आणि तो फोटो फ्रेम होऊन आमच्या ओटीवरच्या भिंतीवर लागला. साहेबांचा हात गाठीवर, नवऱ्याचे हात आईच्या डोक्यावर, आणि त्याचं ते हसू. पट्टीच्या आत काय आहे ते फोटोत दिसत नाही, त्यामुळे चित्र झकास होतं. आल्यागेल्याला तो दाखवायचा. मी एकदा म्हटलं, "अहो, लाज असेल तर काढा तो. त्याच्याखाली बसते ती."

"राहू दे ग," तो म्हणाला. "आयला कुठे दिसतंय."

ते खरं होतं. उजव्या डोळ्यावरचा सारा वाढत गेला आणि ती भिंतीला हात लावून चालायला लागली. ऑपरेशनचं नाव काढलं की ती तोंड फिरवायची. मासळी खाणं तिने सोडलं, कारण काटा दिसत नाही आणि दुसऱ्याने काढलेल्या काट्यावर तिचा विश्वास नव्हता. वरण-भात कालवून खायची आणि बोलायची नाही. आमच्याकडच्या बाईने मासळी सोडली म्हणजे काय, हे आमच्याकडच्यांनाच कळेल.

अशीच वर्षं गेली. दापोड्याकडची, मानकोलीकडची शेतं जाऊन गोदामं उठली. आमच्याही शेतावर एक उठलं आणि नवऱ्याने गाडी घेतली. नव्वद सालाच्या पुढे कधीतरी भिवंडीत एक डोळ्यांची डॉक्टरीण आली. मी आधी एकटीच जाऊन तिला भेटले. ती म्हणाली, आता पिकायची वाट बघत नाहीत. पूर्वी आतलं भिंग आवरणासकट काढून टाकायचे आणि वरून जाड चष्मा द्यायचे. आता मागचं पातळ आवरण तसंच ठेवून आत नवं भिंग बसवतात. जमिनीची उंची बदलत नाही. मग ती म्हणाली, "पण त्यांना एकच डोळा आहे. बहुतेकांचं चांगलं होतं, तरी मी वचन देणार नाही. हा गेला तर काही उरत नाही."

घरी येऊन हे सगळं मी सासूला जसंच्या तसं सांगितलं. तिने एकच विचारलं.

"पट्टी कोन सोडनार?"

"डॉक्टरीण. दुसऱ्या दिवशी सकाळीच. खोलीत मी असेन, बस."

"त्याला आनू नको," ती म्हणाली.

नाही आणला. गाडी त्याचीच होती, पण आम्ही रिक्षाने गेलो. रात्रभर मी तिच्या कॉटजवळ बसून दर थोड्या वेळाने वाकून पट्टीचा वास घेत होते. नर्सला मी वेडी वाटले असेन. पट्टी पांढऱ्या जाळीची होती आणि तिला औषधाशिवाय कसलाही वास नव्हता. सकाळी डॉक्टरिणीने हात धुतले, दार लावलं आणि पट्टी सोडली. ती अलगद निघाली. डोळा लाल होता, पाणावलेला होता, पण स्वच्छ होता. सासूने तो मिचकावला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"म्हातारी झालीस गो," ती म्हणाली. "आलीस तवा गाल व्हते तुला."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

घरी आलो तर ओटीवर फ्रेमच्या जागी नुसता खिळा होता. भिंत सगळी धुराने पिवळी पडलेली आणि तेवढा चौकोन पांढरा. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसा कारभार. इतकी वर्षं फोटो तिच्या डोक्यावर टांगून ठेवायला त्याला काही वाटलं नव्हतं. तिला दिसायला लागणार म्हटल्यावर सकाळी स्टूल घेऊन काढला. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो वर्तमानपत्र वाचत होता.

सासूने सगळी ओटी नजरेखालून घातली. मग त्या चौकोनावर थांबली.

"हितं फोटो व्हता ना?"

"काच फुटली होती, आय," नवरा म्हणाला. "काढून ठेवला."

"आन बगू."

तो कपाटामागून घेऊन आला. काच धडधाकट होती. तिने फ्रेम मांडीवर घेतली, पदराने पुसली आणि उजेडाकडे धरली. साहेबांकडे तिने बघितलंही नाही. स्वतःच्या डोक्यावरच्या दोन हातांवरून बोट फिरवत ती वर त्याच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

"तू हसतोस," ती म्हणाली. "मी वरडत व्हते नं तू हसतोस."

तिने फ्रेम त्याच्या हातात दिली.

"लाव परत."

"नको ना आय. कशाला उगाच."

"आयला कुठं दिसतंय, असा तूच बोलायचास. मी आंधली व्हते, भैरी न्हवते. आता दिसतंय. लाव."

तो स्टूलावर चढला. दोरी खिळ्यात अडकायला वेळ लागला. ती खाली बसून, मान वर करून, एका डोळ्याने बघत होती.

"तिरका हाय," ती म्हणाली. "डावी बाजू वर घे. आनखी. हां."

तो खाली उतरला. तिने मला विचारलं, आज मासळी काय आलीय.