गौरीचं ऐकून घेणारी माणसं

माझी श्रद्धा त्या दिवसांत डळमळली होती, हे आधीच सांगून टाकते. गौरी माझी एकुलती एक मुलगी, धरमपेठेतल्या कॉलेजात शिकणारी, हसरी. ती हळूहळू खोलीबाहेर येईनाशी झाली. खिडकीला चादर बांधायची, ताटातलं अन्न हुंगून परत करायची. कॉलनीतले सगळे आपल्याबद्दल बोलतात, भिंतीतून ऐकू येतं, असं म्हणायची. कोणी नजर लागली म्हणाले, कोणी लग्न करून द्या म्हणाले. गौरीचे बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून ड्यूटी करून यायचे आणि तिच्या बंद दाराकडे बघत बसायचे.

एका मंगळवारी मी तिला समजावून कोराडीच्या देवीला नेलं. आरतीच्या घंटा सुरू झाल्या तशी ती कान दाबून खाली बसली आणि ओरडली, "बंद करा, माझंच नाव घेऊन राहिले सगळे!" लोक बाजूला सरकले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात साठीच्या एक बाई आल्या आणि गौरीपासून हातभर अंतर ठेवून फरशीवरच बसल्या. घंटा थांबू दिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लय आवाज येते का वं बाई?"

गौरीनं मान वर केली. "तुम्हाले पण येतात?"

"मले नाही येत. पण तुले येतात, हे मले पटते."

गौरी हमसून हमसून रडली. इतक्या महिन्यांत तिला खोटं न ठरवणारं पहिलं माणूस तेच.

त्या बाई शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, सक्करदऱ्याच्या. त्यांच्या धाकट्या भावालाही असेच आवाज ऐकू येण्याचा आजार. घरच्यांनी गंडेदोरे करण्यात वर्षं घालवली. औषधानं तो सावरला, पण तारुण्य निघून गेलं होतं. "थांबू नका," त्या मला म्हणाल्या. "सुरुवातीलेच इलाज झाला तर पोरगी लवकर सावरते." दुसऱ्या दिवशी अख्खं शहर ओलांडून त्या स्वतः आमच्यासोबत मानसोपचाराच्या दवाखान्यात आल्या.

तिथल्या डॉक्टर वयानं लहानच. त्यांनी माझ्याआधी गौरीला विचारलं, "तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" ती म्हणाली, "झोप नाही येत." मग इलाज झोपेपासूनच सुरू झाला. गोळी अगदी कमी ताकदीची. तिनं अंग जड होतं म्हटल्यावर तीही बदलली. समुपदेशक ताईंनी आम्हा आईबापांना शिकवलं, की आवाज खरे की खोटे यावर वाद घालू नका, भीती वाटते का ते विचारा. कॉलेजशी बोलून तिचे विषयही त्यांनीच कमी करून घेतले. माझ्या मुलीला इतक्या आदरानं वागवताना मी आजवर कोणाला पाहिलं नव्हतं.

गौरी आता बसनं कॉलेजला जाते. आवाज कधीमधी येतात, पण ती ते आम्हाला सांगते. मी एकदा म्हटलं, "तू पहिल्यासारखी झाली की मी ओटी भरीन." ती म्हणाली, "मले पहिल्यासारखी नाही व्हायचं आई. आता आहे तशीच बरी राहू दे." त्या दिवशी माझा हट्ट सुटला. देवीवर सोपवणं म्हणजे हात जोडून बसून राहणं नाही. तिनं पाठवलेल्या माणसांचा हात धरून चालणं आहे, एवढं मला उमगलं.

परवा गौरीचा पेपर होता. देवीपुढे डोळे मिटले, तर मागणंच आठवेना. त्या बाई, डॉक्टर, समुपदेशक ताई, एकेक चेहरा समोर येत गेला. मी सगळ्यांना नमस्कार केला आणि स्वयंपाकाला घरी आले.