जीपच्या पुढच्या चाकातला आवाज

पप्पा गेल्यावर त्यांच्या दोन गोष्टी माझ्याकडं आल्या, त्यांची जीप आणि त्यांचा राग. मी एकुलती एक, त्यामुळं वाटण्यांचा प्रश्नच नव्हता. जीप जुनी, कापडी टपाची, चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे फोर बाय फोर. गारखेड्यात आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये लोकांच्या चकचकीत गाड्यांच्या शेजारी ती उभी असते. सेक्रेटरी दर मीटिंगला तिच्या तेलाच्या डागांचा विषय काढतात, आणि मी दर मीटिंगला त्यांच्याशी भांडते.

जीप ठेवायचं कारण आई. आमचं शेत गंगापूरच्या पुढं आहे. डांबर संपलं की दोन किलोमीटर काळ्या मातीची वाट. पावसाळ्यात तिथं माणसाच्या चपला रुतून बसतात, गाडीचं काय घेऊन बसलात. एसटी फाट्यावर सोडते आणि फाट्यापासून चालायला आईचे गुडघे ऐकत नाहीत. म्हणून दर रविवारी मी तिला जीपनं नेते. तिथं जाऊन ती फार काही करत नाही. बांधावर बसते, कापूस वेचणाऱ्या बायांची विचारपूस करते, त्यांच्यातच भाकरी सोडते, कुणाच्या सुनेचं कसं चाललंय ते ऐकून घेते. पण परत येते ती बाई वेगळीच असते. बुधवारपर्यंत माझ्याशी नीट बोलते, शेजारणीला हाक मारते, जेवते. एखादा रविवार हुकला की फ्लॅटच्या खिडकीत बसून राहते. तिचा जीव त्या दोन किलोमीटरच्या पलीकडं आहे, हे मला पप्पा गेल्यावर कळलं.

दिवाळीला पंधरा दिवस होते. रविवारी शेताकडं जाताना वाळूज मागं पडलं आणि पुढून घूं घूं सुरू झालं. वळणावर कट कट. मी आधी दुर्लक्ष केलं, मग गाणी मोठ्यानं लावली. परत येताना कट कट गाण्याच्याही वर ऐकू यायला लागली. आई मागं बसलेली, मी गाण्यांचा आवाज आणखी वाढवला.

सोमवारी रजा टाकून एका मोठ्या गॅरेजात गेले. तिथल्या माणसानं चक्कर मारली आणि सांगितलं की पुढचा ॲक्सल पूर्ण खोलावा लागेल, सामान मिळेलच याची खात्री नाही. वर म्हणतो, "मॅडम, काढून टाका. लेडीजसाठी आता छान छान गाड्या येतात." माझं डोकं असं सणकलं की चावी त्याच्या हातातून हिसकावूनच घेतली. पण खरं सांगायचं तर मी घाबरले होते. त्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, कंटेनर, आणि मागं बसलेली आई. चाक मध्येच जाम झालं म्हणजे?

संध्याकाळी मी जाहीर केलं, "या रविवारपर्यंत आवाज सापडला तर ठीक. नाहीतर जीप देऊन टाकायची."

"दे बाई," आई म्हणाली. "मला काय तिथं सोनं पुरायचंय."

आणि उठून शेतावर नेसायच्या दोन साड्या खुंटीवरून काढल्या, घड्या घातल्या आणि कपाटाच्या तळाला ठेवल्या. भांडली असती तर बरं झालं असतं. मला तिचा लई राग आला आणि त्याहून जास्त माझा.

शनिवारी शेवटचा उपाय म्हणून शहागंजच्या मागं चाचांकडं गेले. हे पप्पांचे जुने मिस्त्री. दोघांनी आयुष्यभर एकमेकांना अक्कल शिकवली आणि कुणीच शिकलं नाही. आईनं सोबत यायचा हट्ट धरला. "एकदा शेवटचं बसून घेते," म्हणाली.

चाचांनी पान्याला हातच लावला नाही. "खोलना सबको आता बेटा, सुनना नै आता," म्हणाले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. आमखास मैदानावर गेलो. आई मागच्या बाकड्यावर, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

चाचांनी सांगायचं आणि मी करायचं. सरळ घे. घूं घूं. चालत्या गाडीत गिअर काढ. आवाज तसाच. म्हणजे इंजिनाचा नाही. हळूच ब्रेक दाब. तसाच. म्हणजे ब्रेकचा नाही. डावीकडं गोल फिरव, उजवीकडं फिरव. कट कट कट.

"बेअरिंग असंल चाचा," मी म्हणलं.

"तू कंपनीत हुशारी कर. इथं गाडी चालव."

मग उजव्या बाजूला जॅक लावला. उचललेलं चाक वर-खाली हलवून पाहिलं, जरासुद्धा खेळत नव्हतं. बेअरिंग ठीक होतं. चाचा गाडीखाली सरकले, मला चाक हातानं फिरवायला लावलं, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "आ, इधर देख." मी ड्रेससकट धुळीत आडवी झाले. चाकासोबत आतला लोखंडी दांडाही गरगर फिरत होता. तो फिरायला नको होता.

आमच्या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक फिरवायची चकती आहे. तिला हब म्हणतात. चिखल आला की खाली उतरून दोन्ही चकत्या लॉक करायच्या, मग इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. डांबरावर आलं की दोन्ही मोकळ्या करायच्या, मग आतला दांडा गप्प बसतो. पाऊस थांबल्यावर मीच दोन्ही मोकळ्या केल्या होत्या, त्यानंतर हात लावला नव्हता. डावी मोकळीच होती. उजव्या चकतीवर वाळका झेंडू आणि कुंकवाचा थर होता. चाचांनी तो कपड्यानं पुसला. खूण सरळ, म्हणजे लॉकवर. त्या एका चाकापायी दांडा फुकटचा फिरत होता आणि त्याचा कोरडा पडलेला सांधा वळणावर वाजत होता.

"किसने करा ये?" चाचांनी विचारलं.

"मी नाही," मी म्हणलं.

"मी केलं," मागून आई म्हणाली. "दसऱ्याला. ती खूण तिरकी असती. तिरक्यावर कुंकू कसं लावायचं? सरळ केली, मग स्वस्तिक काढलं. डाव्या बाजूला भिंत, हात पोचत नाय, म्हणून एकाच चाकाला."

पप्पा गेल्याचं वर्ष होतं म्हणून मागच्या दसऱ्याला आम्ही सण केला नव्हता. यंदा तिनं हौसेनं पूजा केली होती, आणि मी गॅलरीतूनच नुसता नमस्कार करून ऑफिसला पळाले होते.

माझा पारा चढला. "अगं आई, जीप विकायला निघाले होते मी! सांगायचं नाही का?"

"मला काय ठाऊक त्यानं वाजती म्हणून? आणि वरडू नको. आजचं हाय का हे? जीप घरी आली तवापासून दर दसऱ्याला करते मी. तुझे पप्पा असताना वाजली का कधी?"

नव्हती वाजली. एकदाही नाही.

चाचा गाडीखालून बाहेर आले. माझ्याकडं बघितलं, मग आईकडं, आणि हात पुसत बसले. आमच्या पप्पांनी जीपला दुसऱ्याचं बोट लागलेलं खपवून घेतलं नव्हतं. आरसा हलला तरी घर डोक्यावर घ्यायचे. हाच माणूस दर दसऱ्यानंतर गुपचूप खाली जाऊन ती चकती परत तिरकी करत होता, तेही कुंकू न पुसता.

आईलाही उमगायला वेळ लागला नाही. "भाजीवरनं बोलायचे," ती म्हणाली. "उशीर झाला की बोलायचे. नळ गळला तरी मलाच बोलायचे." मग पिशवी बाजूला ठेवली. "हे नाय बोलले कधी."

आणि तिनं तोंडाला पदर लावला. मीही रडले, धुळीनं भरलेल्या ड्रेसमध्ये, भर मैदानात. पप्पांची एवढी आठवण मला त्यांच्या तेराव्यालाही आली नव्हती.

चाचांनी चकती फिरवली, सांध्यात ग्रीस भरलं, गाडी खाली घेतली. मी मैदानाला दोन चकरा मारल्या, डावीकडून एक, उजवीकडून एक. आवाज बंद.

फाटकाशी आल्यावर आई पुढं वाकली. "मग आता तिरक्यावरच कुंकू लावायचं का गं?"

"सरळच कर तू," मी म्हणलं. "मी बघते नंतर."