विलाससाठी सोपा सेट

विलास गेल्याचं वहिनींनी फोनवर एका वाक्यात सांगितलं. "भाऊजी, सकाळी गेले हे." मी दुकानात होतो, समोर कुणाची तरी तार तुटलेली रॅकेट होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "किती वाजता?" जसं काही वेळ कळली की मला काही करता येणार होतं. चिंचपोकळीच्या माझ्या दुकानापासून काळाचौकीतली त्यांची चाळ पायी पंधरा मिनिटांवर आहे. त्या दिवशी तिथे पोचायला मला तासभर लागला, कारण अर्ध्या वाटेतून मी दोनदा मागे फिरलो. आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची रीत आहे, आणि विलासबद्दल चांगलं बोलायला मला काहीच कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते स्वतःबद्दल खरं बोलायला.

आम्ही एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. मी बापाच्या धंद्यात शिरलो, रॅकेटी विणणं, बॅटींना मुठी बसवणं, आणि पुढे क्लबांमधून येणाऱ्या गोल्फच्या काठ्या दुरुस्त करणं. विलास शिवडीच्या एका गोदामात कारकून म्हणून लागला आणि त्याच कंपनीत मॅनेजर होऊन निवृत्त झाला. त्याचा मालक परदेशी गिऱ्हाइकांना गोल्फ खेळायला न्यायचा आणि कागदपत्रं घेऊन विलासला मागे उभा करायचा. एकदा मालकाने गमतीत त्याच्या हातात काठी दिली. विलासने मारलेला चेंडू सरळ गेला, लांब गेला, आणि गडी कामातून गेला. मालकाचं मैदान काही त्याच्यासाठी नव्हतं. पण निवृत्त झाल्यावर खाडीपलीकडे फी भरून कुणालाही खेळता येईल असं एक अठरा भोकांचं मैदान त्याने शोधून काढलं. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे खांद्यावर पिशवी टाकून तो चाळीतून निघायचा तेव्हा गॅलरीतून कुणीतरी हटकून ओरडायचं, "काय विलासराव, आज किती भोकं?" विलास मान वर न करता सांगायचा, "अठरा. तुझ्या बनियनपेक्षा कमीच."

त्याचा पहिला सेट जुन्या बाजारातला होता. लोखंडी डोक्याच्या ज्या काठ्यांना आयर्न म्हणतात, त्यातल्या अगदी पातळ पात्याच्या. दिसायला झकास, पण चेंडू पात्याच्या बरोबर मध्यावर बसला नाही तर कोपरापर्यंत झिणझिण्या, आणि चेंडू झुडपात. पंचवीस वर्षांच्या, रोज खेळणाऱ्या पोराचं ते हत्यार. चौसष्टाव्या वर्षी आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याला मी ज्याला सोपा सेट म्हणतो तो लागतो... पाठ पोकळ, वजन कडांना वाटलेलं, तळ रुंद, दांडा हलका. फटका इकडेतिकडे बसला तरी चेंडू बऱ्यापैकी सरळ जातो, खेळणाऱ्याची चूक काठी सांभाळून घेते. विलासला ते पटेना. "हे म्हाताऱ्यांचं आहे रे, सुऱ्या." मी म्हटलं, "मग तू कोण आहेस? मिसरूड फुटलंय का आत्ता?" शेवटी त्याने घेतला. आमच्या कामाची एक पद्धत आहे. पात्याच्या तोंडावर कागदी पट्टी चिकटवायची, गिऱ्हाइकाला दुकानामागच्या जाळीत दहा चेंडू मारायला लावायचे, आणि पट्टीवर ठसे कुठे उमटतात ते बघायचं. विलासचे ठसे मधोमध उमटले होते, एकावर एक. मी पट्टीवर पेन्सिलीने तारीख टाकली आणि ती ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. सगळ्यांच्याच ठेवतो.

दोन वर्षं मजेत गेली. मग एका शुक्रवारी तो मैदानावरून थेट दुकानात आला. "चेंडू जात नाही रे हल्ली." मी पट्टी लावली. ठसे टोकाकडे सरकले होते. मी म्हटलं, दांडा जड होतोय तुला, वय झालं. आणखी हलका, जास्त लवणारा दांडा बसवला. पंधरा दिवस चेंडू छान गेला. पुन्हा तीच तक्रार. मग मी मुठी जाड केल्या, म्हणजे बोटं कमी आवळावी लागतात. पुन्हा पंधरा दिवस बरे गेले. मग डोकीच बदलली, त्याहून रुंद तळाची आणली. प्रत्येक वेळी फरक पडायचा आणि प्रत्येक वेळी मी फुगायचो. दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचो, माझ्या मित्राचा हात बघा, सदुसष्टाव्या वर्षी कसा खेळवतोय मी त्याला. एकदा जाळीत मारताना काठी त्याच्या हातातून सुटली आणि शटरवर आदळली. केवढा आवाज झाला! आम्ही दोघं हसत सुटलो. हसता हसता तो आपल्या डाव्या पंजाकडे बघत राहिला, म्हणाला, "हाताचं काही नसेल ना रे?" आणि मी... मी तीस वर्षं गोल्फच्या काठ्या हाताळलेला कारागीर, मी त्याला सांगितलं, "हाताला काय झालंय? दोष काठीचा आहे. मूठ गुळगुळीत झालीय, बदलून देतो."

बदलून दिलीही. चिकट रबराची.

पुढे चार महिन्यांनी त्याची जीभ जड झाली, तेव्हा डॉक्टरकडे गेले. स्नायूंकडे जाणाऱ्या नसा सुकत जायचा आजार निघाला, ज्याला औषध नाही. सुरुवात डाव्या पंजातून झाली असणार, वर्ष-दीड वर्षापूर्वी, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर अकरा महिने. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. मी दर रविवारी जायचो. शेवटी शेवटी तो नुसता डोळ्यांनी बोलायचा आणि मी आपला मैदानावरच्या, क्लबातल्या बाष्कळ गप्पा मारत बसायचो, कारण गप्प बसलो तर तो काय विचारेल याची मला भीती वाटायची. त्याने कधी काही विचारलं नाही. त्याला खरंच विचारायचं नव्हतं की विचारता येत नव्हतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

विलासच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चाळीखालच्या हॉलमध्ये वंदना झाली, माणसं जेवायला बसली. वहिनी भाताचं पातेलं घेऊन माझ्या पानापाशी आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "भाऊजी, आजार कळायच्या आधीच्या दिवाळीत मी यांना म्हटलं होतं, शर्टाची बटणं मला लावून द्यावी लागतात, एकदा डॉक्टरला दाखवा. तर म्हणाले, सुरेशने बघितलंय, दोष काठीचा आहे, हाताचा नाही." मी मान खाली घातली. "बोधगयेची तिकिटं काढली होती आम्ही. ती रद्द केली यांनी. म्हणाले, नवीन सेट हातात बसतोय, जरा खेळ जमू दे, मग जाऊ." लग्न झाल्यापासून वहिनींना एकदा बोधगयेला जायचं होतं, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. आजार कळला तोवर विलासला गाडीत बसवणं शक्य राहिलं नव्हतं. मग त्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं का हो?" मी म्हणालो, "हो, वहिनी." त्यांनी मान हलवली, मला भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेल्या.

घरी न जाता मी दुकान उघडलं आणि ड्रॉवर उपसला. विलासच्या नऊ पट्ट्या निघाल्या. तारखांप्रमाणे ओळीने मांडल्या. पहिल्या दोन पट्ट्यांवर ठसे मधोमध. तिसरीपासून ते टोकाकडे आणि खाली सरकत गेलेले, दर वेळी थोडे थोडे, शेवटच्या पट्टीवर पाच ठसे उमटलेलेच नाहीत. काठी बदलली की एखादी पट्टी सावरायची, पण सरकणं थांबलं नव्हतं. एकाही डॉक्टरने त्याला हात लावायच्या आधी त्याचा आजार माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता, माझ्याच अक्षरात तारखा घातलेला. लवकर कळलं असतं तरी शेवट हाच होता असं डॉक्टर सांगतात, आणि लोक तेच सांगून माझी समजूत घालतात. खरं आहे ते. पण आजार कळायच्या आधीचं ते वर्ष त्याचं होतं. त्यात तो चालत होता, बोलत होता, बायकोचा हात धरून बोधगयेच्या त्या झाडाखाली बसू शकला असता. ते वर्ष मी त्याला चेंडू सरळ मारायला लावण्यात घालवलं. सेट इतका चांगला निवडला, की त्याचा हात निकामी होतोय हे त्यालाही कळू दिलं नाही. माझ्या कामावर त्याचा विश्वास होता, बायकोच्या डोळ्यांपेक्षा जास्त. आणि तो विश्वास मला आवडत होता, हे मी कसं नाकारू?

परवा परळचे एक निवृत्त शिक्षक दुकानात आले. वय सत्तरच्या पुढे, जावयाने गोल्फचा नाद लावलेला. "चेंडू जात नाही हो हल्ली, एखादा हलका सेट बघा ना." पूर्वी मी लगेच पट्टी काढली असती. आता मी काउंटरवरून हात पुढे केला आणि म्हटलं, "दाबा. आधी उजव्याने, मग डाव्याने." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. पण त्यांनी दाबला, चांगला कचकचून दाबला. मग मी त्यांना शर्टाचं वरचं बटण काढून पुन्हा लावायला सांगितलं. तेही त्यांनी लावलं, एका झटक्यात, आणि म्हणाले, "अहो, तुम्ही काठ्या विकता की दवाखाना चालवता?" मी हसलो नाही. त्यांचा डावा हात पुन्हा हातात घेतला. काही झालेलं नव्हतं त्या हाताला. गुरुजी ओशाळून इकडेतिकडे बघायला लागले, तरी मला तो सोडवेना.