मागच्या सीटवरचं सामान

फौजेत असताना माझ्या नवऱ्याने किती वेळा घर सोडलं, हे मला सांगता येणार नाही. ट्रंक मात्र दर वेळी मीच भरली. त्यामुळे दारात बांधलेलं सामान दिसलं की मला एकच गोष्ट कळते: कोणीतरी जाणार आणि मी मागे राहणार.

म्हणून पेन्शनीवर आल्यावर मोटरसायकलवरून रानात मुक्कामाला जायचं खूळ त्यांनी डोक्यात घेतलं, तेव्हा मला संताप आला. घरी येऊन वर्ष झालं नव्हतं आणि गडी पुन्हा सामान बांधत होता. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात लोक रात्री रानात जातात ते उसाला पाणी द्यायला. रानात झोपायची हौस म्हणून तंबू विकत आणणारे हेच.

दोन फेऱ्या ते एकटेच करून आले. मला न्यायला त्यांची ना नव्हती, जागा नव्हती. मागच्या सीटवर पत्र्याची पेटी, पेटीवर तंबू, तंबूवर घडीची खाट आणि सगळ्यांच्या वर कुऱ्हाड. रबरी पट्ट्यांनी असं आवळून बांधायचे की लग्नात माझ्याशीही इतकी घट्ट गाठ मारली नव्हती. निघताना म्हणायचे, "पुढच्या टायमाला तू चल." सारं आयुष्य मी त्या पुढच्या टायमावरच काढलं होतं. मलाही यायचंय, एवढं साधं वाक्य मात्र तोंडातून फुटेना. पन्नाशीतल्या बाईने हट्ट धरायचा तो काय उघड्यावर झोपण्यासाठी?

शेवटी माझ्या वतीने आत्याबाई बोलल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. तिसऱ्या फेरीची बांधाबांध चालली होती आणि त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आरं, ती खाट कशाला न्हेतूस?"

"भुई गार असती, आई. थंडीचं दिस हायेत."

"मग बायकूला ने की. खाटंपरीस बरी."

बर्फात पहारे दिलेला माणूस कानापर्यंत लाल झाला. मी आत पळाले. स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते, तर बाहेर पट्ट्या सोडल्याचा आवाज आला. आत्याबाईंचे तेवढ्यासाठीही मी पाय धरले असते.

मग खरी पंचाईत उभी राहिली. सीट मला दिली तर सामान कुठे ठेवायचं, आणि मी घालायचं काय? सामानाचं उत्तर सांगलीत मिळालं, माझ्या माहेरी. हळदीच्या बाजाराजवळ ताडपत्री शिवून देणारे बसतात. त्यांच्याकडून दोन पिशव्या पट्ट्याने जोडून घेतल्या. बैलाच्या पाठीवर गोणी टाकतात तशा त्या सीटखाली दोन्ही बाजूंना लोंबायच्या. जड वस्तू तळाला, हलक्या वर. तंबू गुंडाळून कॅरियरवर गेला. पेटी आणि खाट घरी राहिली, आणि कुऱ्हाडीच्या जागी कोयता आला.

अंगात पंजाबी ड्रेस होताच, त्यावर घालायला जाड काही हवं म्हणून साताऱ्याला गेलो. दुकानदाराने मोटरसायकलवाल्यांचं जाकीट चढवलं, तर बाह्यांतून माझी बोटंही बाहेर येईनात आणि खांद्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. "चालतंय की, मॅडम," तो म्हणाला. त्याला चालत होतं, घालायचं मला होतं.

हात हलवत परत आलो. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खुंटीवरचा शर्ट काढून माझ्यापुढे धरला. उसाच्या पाल्याने हात चिरतात, म्हणून आमच्याकडे बायका रानात लुगड्यावरून नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतात. हा मामंजींचा होता. मामंजी गेल्यावरही आत्याबाई तोच घालून उसातलं तण भांगलायच्या. जाड कापड, कोपरांना ठिगळं, उन्हाने विटलेली कॉलर.

"ह्याला पाला कापत न्हाई, मग बाभळीचा काटा काय करतूय? वाराबी अडंल. आन् ती वढणी आदी घरात ठेव. चाकात गेली की संपलंच."

तो शर्ट त्यांनी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता. मी तो दोन्ही हातांनी घेतला. आत स्वेटर, वरून तो शर्ट, डोक्याला सुती रुमाल, त्यावर हेल्मेट. आरशात मी ऊस तोडायला चंद्रावर निघालेली दिसत होते.

औंध, वडूज करत आम्ही म्हसवडच्या अलीकडे, त्यांच्या पलटणीतल्या मित्राच्या माळावर पोचलो. वाटेत जळका वास आला. उजवीकडची पिशवी सायलेन्सरला टेकून तिचा तळ वितळला होता, आणि त्यातले यांचे सगळे मोजे भाजून निघाले होते. माझे कपडे डावीकडे होते. मी तोंड दुसरीकडे फिरवून हसून घेतलं.

माळावर मी वाळक्या बाभळीच्या फांद्या तोडल्या. काटे बाह्यांत अडकले, पण आत शिरले नाहीत. तीन दगडांवर पिठलं झालं, भाकरी घरच्याच होत्या. जेवून विस्तवाशी बसलो तेव्हा ते जाळाकडे बघत म्हणाले, "ट्रंकंत तू लाडवाचा डबा ठेवायचीस. मी पैल्याच राती संपवायचो. ठिवला तर घरची लय याद यायची."

इतकी वर्षं मला वाटत होतं, जाणाऱ्याला मजा आणि राहणाऱ्याला वाट बघणं. जाणाऱ्यालाही घर सुटत नाही, हे मला त्या माळावर कळलं, आणि कळलं म्हणून फार बरं वाटलं. घरात आम्ही कधी असे बसलोच नसतो. घरात सतत काहीतरी उकळत असतं.

परत आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "काय काय केलंसा?"

"काही नाही, आत्याबाई. चूल पेटवली, जेवलो, बसलो."

"पाणी धरायचं न्हाई? राखण न्हाई?"

"काहीच नाही."

त्या हळूच म्हणाल्या, "कामाबिगर रानात बसल्यावर कसं वाटतं गं?"

जिचा सगळा जन्म रानात गेला, ती बाई मला हे विचारत होती. मी नवऱ्याकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे.

पुढच्या फेरीला मागच्या सीटवर आत्याबाई बसल्या. एका अंगाने, पोराच्या कमरेला घट्ट धरून, "दमानं रं, दमानं" म्हणत. जवळच्याच टेकडीवर, एका मुक्कामासाठी. सामान मीच भरलं आणि दारात मीच उभी राहिले. राग यायला हवा होता, पण डोळे भरून आले ते आनंदाने.

दुसऱ्या दिवशी त्या परतल्या, तेव्हा ओट्यावर शेजारणी जमल्या होत्याच. काय केलंत, कसं झालं, सगळ्या विचारत होत्या.

"काय न्हाई गं, नुसती बसून व्हते," आत्याबाई म्हणाल्या, आणि दिवसभर येईल त्याला तेच सांगत राहिल्या.